लोकशाही वाचवा, पण जरा लांबची

लोकशाही वाचवणारी संस्था काढायची खुमखुमी आली असेल, तर आधी नकाशा घ्या. जगाचा घ्या. मुंबईचा नको, त्यात उगाच गुंतायला होतं. नवखे लोक देश निवडतानाच फसतात. बातम्या बघून भावनेच्या भरात कुठला तरी देश धरतात आणि मग तिथे राहणाऱ्या भाच्याचा फोन येतो.

अमेरिका तर बादच करा. प्रत्येक विश्वस्ताचं कुणी ना कुणी तिथे आहे, आणि हल्ली व्हिसा देण्याआधी तुमच्या पोस्टही वाचतात म्हणे. आखातातल्या राजेशाह्यांवर बोलायला हरकत नाही, पण कोकणातल्या किती घरांचा स्लॅब कुवेत-दुबईच्या पैशाने पडलाय तेवढं बघून बोला. तुमचे निम्मे देणगीदार तिकडचेच निघतील. चीनला धारेवर धरायचं, तर सभेचं निमंत्रण ज्या फोनवरून धाडणार तो आधी उलटा करून बघावा लागतो. रशियाचं तेल आपण घेतो. म्यानमार वरवर बरा वाटतो. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, त्यात दोन बाजू नाहीत. पण त्याची आपल्याशी 1,643 किलोमीटरची सीमा आहे आणि तिथून जीव वाचवून आलेली हजारो माणसं मिझोराममध्ये राहताहेत. उद्या कुणी विचारलं, त्यांच्यासाठी काय केलंत? कशाला ती भानगड!

गाझाचं नाव काढण्याआधी जुलै 2025 आठवा. आझाद मैदानावर निदर्शनं करायला पोलिसांनी परवानगी नाकारली म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मुंबई उच्च न्यायालयात गेला. याचिका फेटाळताना न्यायालयाने सुनावलं की आपल्याच देशात प्रश्न थोडे आहेत का. कचरा, प्रदूषण, पूर, त्याकडे बघा. पुढे ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली, तो भाग वेगळा. (कचऱ्यासाठी निदर्शनं करायची म्हटली तरी मैदान तेच, परवानगीचा अर्जही तोच.)

माझं ऐकाल तर इरिट्रिया धरा. आफ्रिकेत, तांबड्या समुद्राच्या काठी. तिथे कुणाचा भाचा नाही, कुणाची साइट चालू नाही, आणि आपल्या पेपरांत त्याचं नाव वर्षभरात एकदा आलं तर आलं. शिवाय माल अस्सल आहे. 1993 मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून अध्यक्ष एकच, इसायास अफवेर्की. राष्ट्रीय निवडणूक एकदाही झालेली नाही. 1997 मध्ये राज्यघटना मंजूर झाली, ती अजून अमलात यायची आहे. सप्टेंबर 2001 मध्ये खासगी वर्तमानपत्रं एका झटक्यात बंद केली आणि संपादक-पत्रकारांना उचललं. त्यातला दावित इसाक हा स्वीडनचाही नागरिक. त्याच्यावर आजवर खटला चाललेला नाही. सक्तीची राष्ट्रसेवा कागदावर अठरा महिन्यांची आहे, प्रत्यक्षात माणसाचं तारुण्य सरतं तरी ती संपत नाही. म्हणून पोरं सीमा ओलांडून पळतात.

एवढं वाचून पोटात कालवलं, तर जरा थांबा. कालवाकालव अहवालाच्या प्रस्तावनेत वापरायची असते, आत्ताच खर्चू नका.

श्रोत्यांत एखादा खवचट उठून म्हणेल, मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, मग जानेवारी 2026 पर्यंत निवडणूक नव्हती, प्रशासकच कारभार हाकत होता, तेव्हा तुम्ही कुठे होतात? शांतपणे सांगा, संस्थेच्या उद्देशपत्रिकेत देशांतर्गत विषय येत नाहीत. उद्देशपत्रिका असते ती याचसाठी.

आता नोंदणी. वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागेल. न्यासपत्र करताना अध्यक्षपद तहहयात ठेवा आणि नवे विश्वस्त नेमण्याचा अधिकार अध्यक्षांकडे. बायको खजिनदार, मेहुणा सचिव. कुणी नाक मुरडलंच तर सांगा की संस्था नाजूक टप्प्यावर आहे, आत्ता निवडणूक घेतली तर अस्थैर्य येईल. हे वाक्य कुठे तरी ऐकल्यासारखं वाटेल, पण घाबरू नका, ते कुणाच्याही मालकीचं नाही.

पैशाच्या बाबतीत कायदाच तुमच्या पाठीशी आहे. धर्मादाय न्यासाने भारताबाहेर खर्च केला, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास मंजुरीशिवाय त्यावर आयकराची सूट मिळत नाही. म्हणजे इरिट्रियाच्या नावाने जमलेला पैसा इथेच खर्चणं हे तुमचं कर्तव्यच ठरतं. दादरचा हॉल, शाल-श्रीफळ, बटाटेवडे, पाहुण्यांची टॅक्सी. सगळं नियमात. परदेशी निधीची हाव मात्र धरू नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागते, दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं काढावं लागतं, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर त्यातले 20 टक्केच प्रशासकीय खर्चाला वापरता येतात. मेहुण्याचा पगार त्यात बसायचा नाही.

कार्यक्रम 10 डिसेंबरलाच घ्या, मानवी हक्क दिन. मंचावर एक निवृत्त राजदूत, एक प्राध्यापक आणि एक असे गृहस्थ, ज्यांना कुठल्याही विषयावर वीस मिनिटं बोलता येतं. प्रश्न चिठ्ठीवर मागवा. न पटणाऱ्या चिठ्ठ्या वेळेअभावी राहून जातात. एक धोका तेवढा सांभाळा. मागच्या रांगेतले एखादे आजोबा उठून सांगायला लागतील की 1946 मध्ये, स्वतःचं स्वातंत्र्य यायचं होतं तेव्हा, वर्णभेदाच्या विरोधात भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. स्वतःच्या खिशाला चाट लावून! त्यांच्याकडून माइक हळूच काढून घ्या आणि चहा झाल्याचं जाहीर करा. खिशाला चाट हा शब्द एकदा सभेत शिरला की पुढच्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहतात.

आणि कधी नव्हे तो एखादा खराखुरा इरिट्रियन तरुण हॉलमध्ये उगवलाच, शिकायला आलेला किंवा निर्वासित, तर गांगरू नका. फोटोत मधे घ्या. दोन मिनिटं बोलू द्या. त्याचे डोळे भरून आले तर तेही येऊ द्या, व्हिडिओ चालू असतोच. नंतर तो तुम्हाला बाजूला घेऊन विचारेल, साहेब, तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादी खोली भाड्याने मिळेल का? त्याला प्रेमाने सांगा, बॅचलर, परदेशी आणि मटण-मच्छी खाणारे यांना जागा द्यायची नाही, असा आमच्या सोसायटीचा ठराव आहे. वर हेही सांगा, की तो सर्वसाधारण सभेत रीतसर हात वर करून, बहुमताने मंजूर झालाय. बिचाऱ्याने मतदान कधी बघितलेलं नसणार.