बारा कुंड्यांचं कोरडवाहू

गेल्या हंगामात आमच्या गच्चीवर एकूण अकरा भेंड्या झाल्या. एकदम नाही. दोन मंगळवारी, एक गुरुवारी, मग आठ दिवस सुट्टी. भेंडी कोवळी असेल त्याच दिवशी तोडावी लागते. दोन दिवस दम धरला की तिचं दोरखंड होतं. आणि दोन भेंड्यांची भाजी चार माणसांना पुरत नाही. म्हणून पहिल्या दोघींना डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं. बाकीच्या येईतो त्या तिथंच म्हाताऱ्या झाल्या. शेवटी बायकोनं गंजगोलाईच्या बाजारातून पाव किलो भेंडी आणली, त्यात आमच्या चार चिरल्या, आणि मी प्रत्येक फोड उचलून विचारत बसलो, "ही आपली का?"

"गुमान जेवा," ती म्हणाली.

मी लातूरचा. वडील, म्हणजे अण्णा, औसा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. शिकून मास्तर झालो तो मुळात आभाळाकडं बघायची कटकट मिटावी म्हणून. पगार पाऊस बघून होत नाही. वीसेक वर्षं छान गेली. पन्नाशी जवळ आली आणि कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक, गच्चीवर बारा कुंड्या मांडल्या.

माती मात्र घरची हवी, हा हट्ट. गावाकडून दोन पोती काळी माती आणली. अण्णा म्हणाले होते, "कुंडीत काळी घालू नको. ती रानातच शोभती." मास्तरानं कुणाचं ऐकायचं नसतं. ही माती भिजली की लोणी आणि वाळली की वीट. उन्हात ती आकसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली. वरून तांब्याभर पाणी घातलं की ते त्या फटीतून थेट बुडाच्या भोकाला. झाडाचा घसा कोरडा आणि खालच्या काकूंच्या कुरडयांवर काळा ओघळ. काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी बोलल्या, ते बरं झालं नाही.

मग ती माती उपसून त्यात नारळाचा भुसा आणि शेणखत मिसळलं. ज्याच्या घरी पिढीजात उकिरडा आहे, त्यानं दुकानातून पाकीटबंद शेणखत आणलं. पाकिटावर हसऱ्या गाईचं चित्र होतं. ती मलाच हसत होती. गावाकडून फोन आला, "किती खर्च झाला?" मी निम्माच आकडा सांगितला. अण्णा म्हणाले, "आता तू खरा शेतकरी झालास."

पाण्याचं तर बोलूच नका. आमच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी आम्ही अंघोळ परातीत बसून करायचो आणि तेच पाणी पुढं फरशीला वापरायचो. त्यामुळं अजूनही झाडाला चांगलं पाणी घालताना माझा हात चोरासारखा इकडंतिकडं बघतो. मी युक्ती काढली. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी साठवायचं आणि कुंड्यांना द्यायचं. महिन्याभरात मातीवर पांढरी खपली चढली, मिठागरासारखी. बोअरचे सगळे क्षार फिल्टर निगुतीनं गाळून माझ्या मिरचीला पाजत होता. आता भाजी-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी जातं. बायको पातेलं वाजवते आणि मी पाण्याची पाळी आल्यासारखा पळतो.

उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधली होती. पहिल्याच वावधानानं ती उडून तीन घरं सोडून एका डिशच्या अँटेनाला गुंडाळली. त्या घरात त्या वेळी क्रिकेट चालू होतं. एवढंच सांगतो.

मृग बरसला आणि मी पेरणी केली. भेंडी, गवार, दोडका, कोथिंबीर. स्वयंपाकघरातले धने मूठभर उचलून तसेच टाकले. आठ दिवस झाले, दहा झाले, काही हालचाल नाही. मी रोज एक धना उकरून बघायचो, जिवंत आहे का. मग सासूबाईंनी सांगितलं, धने चपलेनं रगडून दोन फाकी करायचे असतात, प्रत्येक फाकेत एक बी असतं. मी देवघरातल्या अक्षतांसारखे टाकले होते! तेवढ्यात पावसानं खंड दिला. वीस दिवस ढग नुसते हिंडून जायचे, लग्नात न जेवता जाणाऱ्या पाहुण्यासारखे. गावाकडं सोयाबीन माना टाकत होतं आणि इकडं माझी गवार. अण्णांना फोन केला, "दुबार पेरणी करावी लागणार."

"किती क्षेत्र?"

"चार कुंड्या."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "तलाठ्याला सांग, पंचनामा करून घे."

दोडक्यानं मात्र जीव लावला. सुतळीवर चढला, कठड्यावरून वाकला, पिवळ्या फुलांनी भरला. पण दोडका एकही नाही. चौकशीअंती कळलं की आधी नुसती नर फुलंच येतात. मादी फूल मागाहून येतं, त्याच्या देठाला बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच चिकटलेला असतो. वर हे फूल उमलतं संध्याकाळी. दिवेलागणीला आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुठला किडा येणार? म्हणून मीच नर फूल तोडून, पाकळ्या मागं सारून, मोबाईलच्या उजेडात मादी फुलाला परागकण लावायला लागलो. समोरच्या गच्चीवरच्या काकू कपडे काढायला आल्या.

"काय शोधलालाव सर?"

"काही नाही काकू, लगीन लावलालो."

त्या कपडे तसेच ठेवून खाली गेल्या.

त्या लग्नातून सहा दोडके झाले, हे नम्रपणे नमूद करतो. मावा, पांढरी माशी, निंबोळीच्या अर्काचा घरभर सुटलेला वास वगैरे सोडून देतो. शेतकऱ्यानं सगळंच रडू नये.

थंडीत मेथी आली. मेथी सज्जन बाई. तिसऱ्या दिवशी डोकं वर काढते, कुरकुर नाही. मी ठरवलं, यंदा येळवसच्या भज्जीत आपल्या गच्चीची मेथी आणि पातीचा कांदा पडणार. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं, शहरात चहाची टपरीसुद्धा सापडत नाही. मी जुडी रुमालात बांधून रानात नेली. कडब्याच्या खोपीशेजारी भज्जीचं हे भलं मोठं पातेलं. तुरीचे दाणे, वाल, ओला हरभरा, चिंच, बेसन. काकीनं माझी जुडी बघितली, म्हणाली, "ही फोडणीला का?" आणि टाकून दिली. उलथनं एकदा फिरलं आणि माझा वर्षभराचा हंगाम दिसेनासा झाला. दोन वाट्या खाल्ल्या, एकाही पानाची ओळख पटली नाही.

निघताना अण्णांनी लोटाभर आंबील दिली. "तुझ्या रानात शिंपड."

रात्री गच्चीवर गेलो, मोबाईलच्या उजेडात बारा कुंड्यांना आंबील शिंपडली. समोर काकू होत्याच. या वेळी त्यांनी विचारलं नाही.

सकाळी बघतो तर कुंड्यांना लालबुंद मुंग्यांचा वेढा. अण्णांना फोन लावला.

"असू दे," ते म्हणाले. "येळवसला आलेल्याला उपाशी लावून देत नसतेत."