गिऱ्हाईक चीन, राखणदार अमेरिका आणि मधे ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियाची गंमत अशी की ज्या देशाची इथल्या लोकांना सगळ्यात जास्त धास्ती वाटते, तोच त्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे. हा देश जे काही बाहेर विकतो, त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग एकटा चीन घेतो. लोहखनिजाचं तर विचारूच नका. दर शंभर टनांतले ऐंशीहून जास्त टन चिनी पोलाद कारखान्यांत जातात. त्यातून कंपन्यांना नफा, सरकारला कर, आणि त्या करातून चीनला वचक बसावा म्हणून पाणबुड्या!

मी पर्थमध्ये राहते. आमच्या घरातला एक पगार थेट पिलबराच्या, म्हणजे इथल्या लोहखनिजाच्या पट्ट्यातल्या, लाल मातीतून येतो. नवरा दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी असतो. म्हणजे ज्या ताटात जेवते त्याबद्दलच बोलते आहे, हे आधीच सांगून टाकते. भारतातले नातेवाईक विचारतात, "काय गं, तिकडे चीनशी युद्ध होणार का?" ते मला काय ठाऊक! पण या देशाचं भवितव्य कुठे अडलंय याबद्दल माझं मत पक्कं झालंय, आणि ते पाणबुड्यांपाशी अडलेलं नाही.

आधी 2020 सालची गोष्ट. एप्रिलमध्ये तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन यांच्या सरकारने कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी अशी मागणी केली आणि चीनचा पारा चढला. मे महिन्यात ऑस्ट्रेलियन बार्लीवर 80 टक्क्यांहून जास्त आयातशुल्क लागलं. मग एकेक करत वाइन, कोळसा, लॉबस्टर, लाकूड, कापूस, काही कत्तलखान्यांचं गोमांस, सगळ्यांवर गंडांतर. वाइनवरचं शुल्क तर काही कंपन्यांसाठी 200 टक्क्यांच्या वर गेलं. नोव्हेंबरमध्ये चिनी दूतावासाने चौदा तक्रारींची यादी इथल्या पत्रकारांच्या हातात ठेवली. त्यात स्थानिक वर्तमानपत्रं आमच्याविरुद्ध लिहितात अशीही तक्रार होती. दुसऱ्या देशात काय छापून यावं हेसुद्धा यांनीच ठरवायचं!

पण गंडांतर आलेल्या मालांत नसलेली एक वस्तू सगळ्यात महत्त्वाची. लोहखनिजाला चीनने हात लावला नाही, कारण त्याला दुसरीकडून तेवढं मिळतच नव्हतं. उलट 2021 च्या मध्यावर भाव टनाला 200 अमेरिकी डॉलरच्या वर गेला. एकीकडे दक्षिण ऑस्ट्रेलियातला द्राक्षवाला गाळात जात होता आणि दुसरीकडे पिलबरात पैसा वाहत होता. पुढे मजूर पक्षाचं अल्बानीजी सरकार आलं, भाषा मवाळ झाली, आणि 2023 ला बार्ली, 2024 ला वाइन आणि वर्षअखेरीस लॉबस्टर असे एकेक दरवाजे उघडले. "आम्ही चीनपुढे झुकलो नाही आणि तरलोसुद्धा" असं इथे अभिमानाने सांगतात. खरं आहे. पण तरलो कशामुळे, तर एकाच मालामुळे, आणि तो माल चीनला त्या वेळी दुसरीकडे मिळत नव्हता म्हणून. आता आफ्रिकेत गिनीमधली सिमांदूची खाण सुरू झाली आहे आणि तिच्यात चिनी पैसा आहे. खनिजाची खरेदी एकत्र करून भाव पाडून घ्यायला चीनने 2022 मध्येच एक सरकारी कंपनी काढून ठेवली आहे. पुढच्या वेळी हीच ढाल उपयोगी पडेल असं धरून चालणं मला तरी धाडसाचं वाटतं.

आता पाणबुड्या. सप्टेंबर 2021 मध्ये मॉरिसन, जॉन्सन आणि बायडेन या तिघांनी ऑकस, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातला अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचा करार जाहीर केला आणि ऑस्ट्रेलियाने फ्रान्सकडून घ्यायच्या बारा डिझेल पाणबुड्यांचा 9,000 कोटी डॉलरचा सौदा एका रात्रीत मोडला. फ्रान्सने रागाने कॅनबेरा आणि वॉशिंग्टन दोन्हीकडचे राजदूत माघारी बोलावले. मोडलेल्या सौद्याची भरपाई म्हणून 55.5 कोटी युरो मोजले. एकही पाणबुडी न घेता! नव्या योजनेचा खर्च 2050 च्या दशकापर्यंत 26,800 ते 36,800 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिस्सासुद्धा नाही, एवढं लक्षात ठेवून हा आकडा वाचा.

बरं, मिळणार कधी? 2030 च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेच्या तीन व्हर्जिनिया पाणबुड्या विकत घ्यायच्या, आणि त्यानंतर ॲडलेडजवळ ऑस्बर्नच्या गोदीत ब्रिटिश आराखड्यावरच्या आपल्या आपण बांधायच्या. अडचण अशी की अमेरिकेला स्वतःलाच पाणबुड्या कमी पडतात. वर्षाला दोन हव्या असताना तिथल्या गोद्यांतून जेमतेम सव्वा बाहेर पडते. आणि अमेरिकेच्या कायद्यात लिहून ठेवलंय की पाणबुडी दिल्याने आपली पाण्याखालची ताकद कमी होणार नाही, असं तिथल्या राष्ट्राध्यक्षाने आधी प्रमाणित करायचं. गोद्या सुधाराव्यात म्हणून ऑस्ट्रेलियाने 2025 च्या फेब्रुवारीत 50 कोटी अमेरिकी डॉलरचा पहिला हप्ता भरला. त्याच वर्षी जूनमध्ये पेंटॅगॉनने या कराराचा फेरविचार सुरू केला. ऑक्टोबरमध्ये ट्रम्प म्हणाले, सगळं ठरल्याप्रमाणे. इथल्या सरकारच्या जिवात जीव आला. पैसे आपले, गरज आपली, आणि जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्याच्या लहरीवर.

पॉल कीटिंग, मजूर पक्षाचेच माजी पंतप्रधान, त्यांनी 2023 मध्ये पत्रकारांपुढे या करारावर असा आसूड ओढला की पक्षातल्यांना तोंड लपवावं लागलं. त्यांचं सगळं म्हणणं मला पटत नाही. चीनबद्दल ते फारच भोळेपणाने बोलतात. फेब्रुवारी 2025 मध्ये तीन चिनी नौदल जहाजांनी टास्मान समुद्रात प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव केला आणि मग ऑस्ट्रेलियाला जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा घातली. आंतरराष्ट्रीय पाण्यात होती, कायद्याने काही चूक नाही. पण गोळीबार चाललाय ही खबर हवाई वाहतूक यंत्रणेला मिळाली ती एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाकडून, ज्याने रेडिओवर इशारा ऐकला होता. अशा शेजाऱ्याबद्दल भीती वाटणं साहजिक आहे.

भीतीचं कारण जुनंही आहे. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि चार दिवसांत जपानी विमानांनी डार्विनवर बाँब टाकले. इंग्लंड वाचवायला येईल हा भ्रम तेव्हा गेला आणि हा देश अमेरिकेच्या पंखाखाली शिरला. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक, अमेरिका जिथे गेली तिथे हे गेले. मोठा भाऊ शोधायची सवय इथे पक्षांच्या पलीकडची आहे. गंमत म्हणजे ज्या डार्विनमध्ये 2012 पासून अमेरिकी मरीन दरवर्षी सरावाला येतात, त्याच डार्विनचं बंदर 2015 मध्ये एका चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाड्याने दिलं गेलं. किंमत 50.6 कोटी डॉलर! प्रांतिक सरकारला पैसे हवे होते. 2025 च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंनी "बंदर परत आणू" म्हणून आश्वासनं दिली.

आणि पाणबुडीच्या चर्चेत ज्याचं नावही निघत नाही ते डिझेल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांनी 90 दिवसांच्या आयातीइतका तेलसाठा ठेवायचा असतो. ऑस्ट्रेलिया 2012 पासून ती अट पाळू शकलेला नाही. आमच्या पर्थजवळची क्विनानाची रिफायनरी 2021 मध्ये बंद झाली, त्याच वर्षी मेलबर्नची आल्टोनाही. आता अख्ख्या खंडात दोनच उरल्या आहेत, ब्रिस्बेनला एक आणि जिलाँगला एक. बाकी बहुतेक इंधन सिंगापूर, दक्षिण कोरिया, मलेशिया इथून जहाजाने येतं. खाणीतले ट्रक, शेतातले ट्रॅक्टर, पर्थला भाजी आणणारे ट्रेलर, सगळं डिझेलवर. समुद्रमार्ग काही आठवडे अडला तर एकही गोळी न झाडता हा देश गुडघ्यावर येईल. पण तेलाच्या टाक्यांसमोर उभं राहून फोटो काढायला कुठल्या पंतप्रधानाला आवडतं?

मग राज्यकर्त्यांना हे कळत नाही का? चांगलं कळतं. पण हात लावला तर काय होतं हेही त्यांनी पाहिलंय. 2010 च्या मे महिन्यात तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी खाणींच्या अवाढव्य नफ्यावर 40 टक्के कर लावायचा प्रस्ताव मांडला. खाण कंपन्यांनी टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार केला आणि जूनमध्ये रड यांना त्यांच्याच पक्षाने खुर्चीवरून उतरवलं. तेवढं एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं. पुढे पातळ केलेला कर 2012 मध्ये आला, त्यातून जवळजवळ काही पैसा जमा झाला नाही, आणि 2014 मध्ये रद्द झाला. नॉर्वेने तेलातून पुढच्या पिढ्यांसाठी केवढा निधी उभारला ते बघा, आणि मग इथला हिशोब बघा.

दुसरं गळू घरांचं. भाड्याने दिलेल्या घरात तोटा दाखवायचा आणि तो पगारावरच्या करातून वजा करायचा, याला इथे निगेटिव्ह गिअरिंग म्हणतात. त्यावर 1999 पासून घर विकून झालेल्या नफ्यातल्या निम्म्या भागालाच कर लागू झाला. मग ज्याच्याकडे एक घर आहे तो दुसरं घेणार, आणि ज्याच्याकडे नाही तो पोरगा पस्तिशीपर्यंत भाडं भरणार. मजूर पक्षाने 2019 मध्ये या दोन्ही सवलती कमी करायचं वचन दिलं आणि हातातली निवडणूक घालवली. 2022 मध्ये सत्तेवर आला तो ही वचनं सोडूनच. आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांतसुद्धा बघा, दुसरी "प्रॉपर्टी" कुठे घेतली हाच विषय. मीही त्यात असते, नाही असं नाही. पण देशाची सगळी बचत विटांत अडकली की कारखान्याला, संशोधनाला पैसा उरत नाही. 2017 मध्ये इथला शेवटचा मोटारकारखाना बंद पडला. लिथियम जगात सर्वात जास्त इथे निघतं, पण ते शुद्ध करायला बहुतेक चीनलाच जातं. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेशी दुर्मीळ खनिजांचा 850 कोटी डॉलरच्या प्रकल्पांचा करार झाला, तो याच दुखण्यावर आहे. माझ्या मते पाणबुडीपेक्षा या कामाला आधी पैसा मिळायला हवा होता.

घर मिळेना की राग कुणावर निघतो? परक्यांवर. 2022-23 मध्ये देशात आलेल्यांची संख्या, गेलेले वजा करून, पाच लाखांवर गेली. कोविडमध्ये अडकलेले विद्यार्थी एकदम आले होते. पण भाडं दुप्पट झालेल्याला हे कोण समजावणार? 31 ऑगस्ट 2025 ला शहराशहरांत मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकांत भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं. त्याच आठवड्यात सेनेटर जसिंटा प्राइस यांनी मजूर पक्ष मतांसाठी भारतीयांना आणतो अशा अर्थाचं वक्तव्य केलं. त्यांचं विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातलं पद गेलं, तरी जे बोललं गेलं ते बोललं गेलं. 1973 पर्यंत गोऱ्यांपुरतंच दार उघडं ठेवणाऱ्या देशात आज निम्मे लोक स्वतः परदेशात जन्मलेले किंवा आई-वडिलांपैकी एक तरी परदेशात जन्मलेले आहेत, हे मोठंच स्थित्यंतर आहे. म्हणूनच घरांचा प्रश्न मला सुरक्षेचाही प्रश्न वाटतो. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागला तर पाणबुडी काय कामाची?

"चीनच्या जागी भारत येईल" असं आपल्याकडचे लोक मोठ्या उत्साहाने म्हणतात. थोडं थांबा. भारताकडे स्वतःचं लोहखनिज आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा मुख्य माल आपल्याला नकोच. पोलादासाठीचा कोळसा आपण भरपूर घेतो. डिसेंबर 2022 पासून व्यापार करारही लागू आहे. पण शेतीमालात दोघांचे हितसंबंध आडवे येतात. 2024 च्या मे महिन्यात भारताने हरभऱ्यावरचं आयातशुल्क काढलं आणि क्वीन्सलंडच्या शेतकऱ्याने हरभरा पेरला. एप्रिल 2025 पासून पुन्हा 10 टक्के लावलं. क्वीन्सलंडवाला दिल्लीला शिव्या घालतो आणि लातूर-अकोल्याचा शेतकरी विचारतो, दहाच का? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. भारत चीनची जागा घेईल ही आशा कॅनबेरात भाषणापुरती ठीक आहे.

मे 2025 मध्ये मजूर पक्षाला 150 पैकी 94 जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेते डटन यांची स्वतःची जागा गेली. इथे मतदान सक्तीचं आहे, न केल्यास 20 डॉलर दंड, आणि केंद्राबाहेर सॉसेजचा स्टॉल. मी कांदाच घेते पावात. एवढं बहुमत हातात असताना खाणकर आणि घरसवलती यांना हात घालायचा नाही, तर मग कधी घालायचा? 2027 पासून अमेरिकी पाणबुड्या आमच्या रॉकिंगहॅमजवळच्या स्टर्लिंग तळावर आळीपाळीने मुक्कामाला यायच्या आहेत. म्हणजे शत्रूच्या नकाशावर पर्थला ठळक खूण होणार, आणि तेव्हाही डिझेल सिंगापूरहूनच येणार असेल तर नियोजन कुणी केलं हे मला विचारायचं आहे. पुढची निवडणूक 2028 पर्यंत होईल. आमच्या भागातले उमेदवार दारावर येतात, त्यांना हेच विचारणार आहे.

ता.क. व्हिसाचे प्रश्न कृपया इनबॉक्समध्ये पाठवू नका, मला त्यातलं कळत नाही. बाकी मतभेद असतील तर कमेंटमध्ये बिनधास्त भांडा.