खुलासा : मोटर बसवलेल्या सायकलचं मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) ‘आवळलं की झालं’ असं नसतं

जळगाव-धुळ्याकडे सध्या एक सल्ला मोबाइलवर फिरतोय : “इंजिन किटचं मागचं स्प्रॉकेट स्पोकवर ठेवा, नऊही बोल्ट जीव खाऊन आवळा, आपोआप सरळ बसतं.” हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

स्पोकच्या आत एक आणि बाहेर एक रबरी चकती, बाहेरच्या चकतीवर स्प्रॉकेट, आणि सगळं बोल्टांनी धरलेलं, अशी ही रचना. एकच बोल्ट पूर्ण आवळला की रबर त्या बाजूला दबतं आणि स्प्रॉकेट तिरकं होतं. त्यात स्पोक वाकले तर चाकच आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलतं. म्हणून एक बोल्ट, मग साधारण त्याच्या समोरचा, असे सगळे थोडे-थोडे आवळायचे. फ्रेमला एक तार बांधून तिचं टोक दातांजवळ आणा आणि चाक फिरवा. अंतर दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बदललं, तर सगळं सैल करून पुन्हा बसवा. स्प्रॉकेट हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मधोमध नसेल, तर चेन एका जागी ताणते, दुसरीकडे लोंबते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतल्या खडबडीत वाटेवर अशी चेन उतरून स्पोकमध्ये अडकली, की चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस पडतो!

आणखी एक, जे कुणी सांगतच नाही. नऊ बोल्टांचं हे किट ३६ स्पोकच्या चाकासाठी असतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना मागे बहुधा ४० असतात. आधी मोजा. जुळत नसतील तर स्प्रॉकेट बसवायला हबवर आवळायचा क्लॅम्प घ्या.

पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा, रबर बसतं तसे ते सैल होतात.