शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं?

गेल्या उन्हाळ्यात दुपारचे चार वाजले की माझे हातपाय गळून जायचे. युनिफॉर्मच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते. समोर आकडे दिसायचे, पण बेरीज डोक्यात टिकायची नाही. सगळे म्हणाले, ऊन बाधलं. सोलापूरचं ऊन, पटलंही. मग पाऊस येऊन गेला, थंडी पडली, गड्ड्याची जत्रा झाली, तरी जिना चढताना धाप लागायचीच. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१. बाईला किमान १२ हवं.

वजन मात्र दोन वर्षांत सात किलो वाढलेलं. रक्त कमी आणि वजन जास्त, हे कसं, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "घरात तुम्ही कितव्या नंबरला जेवता?"

मी गप्प झाले. कारण उत्तर आपल्या सगळ्याजणींना माहीत आहे. मुलं, हे, सासूबाई, सगळ्यांचं झालं की मी आणि जाऊबाई बसतो. तोवर आमटीत वरचं पाणी राहिलेलं असतं, डाळ खालून उपसून गेलेली. मटकीची उसळ संपलेली. मेथी असली तर पातेल्याला चिकटलेली चार पानं. उरते भाकरी आणि शेंगाचटणी. तेवढ्यावर पोट भरायचं म्हणून आणखी एक भाकरी आणि आणखी दोन चमचे चटणी.

शेंगाचटणीला मी नावं ठेवणार नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. पण निम्म्याच्या आसपास तेलही असतं, त्यामुळे तेवढ्याच दाण्यांत साडेपाचशे कॅलरी भरतात. उखळात कुटली की तेल सुटतं आणि चटणी चवीला अशी लागते की हात थांबत नाही. तोंडी लावायला दोन चमचे चांगले. भाजीच्या जागी ती आली की हिशेब बदलतो.

आता भाकरीचं. भाकरी सोडा, वजन उतरेल, असं सांगणारे भेटतात, आणि फक्त भाकरी खा, वजन उतरेल, असं सांगणारेही. दोघांचंही मला पटत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपला अभिमान आहे, आणि ती आहेच तशी. चोथा भरपूर, पोट बराच वेळ धरून ठेवते. पण ज्वारीच्या पिठात आणि चाळणी न लावलेल्या गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. मैद्याच्या खारी-टोस्टपेक्षा भाकरी कितीतरी सरस, हे खरं. तरी ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी असतं, आणि नेमकं तेच डाळीत, मटकीत, हुलग्यात असतं. भाकरी-आमटी ही जोडी आज्या-पणज्यांनी उगीच लावलेली नाही. जोडीतली आमटी पातळ पाणी झाली की भाकरी एकटी पडते.

घरात सगळ्यांनी मला उपाय सांगितला, डाळिंब खा. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाला काय तोटा! २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. मीही रोज एक सोलत बसायचे. फळ उत्तमच, पण लाल रंग म्हणजे लोह नव्हे. शंभर ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम हवं. शंभर ग्रॅम ज्वारीत चार मिलिग्रॅमच्या आसपास, कोरड्या मटकीत त्याच्या दुपटीच्या घरात.

आणि मी तेही वाया घालवत होते. कारखान्यात डबा खाल्ला की लगेच चहा. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, हे मला चाळिशीत कळलं. उलट लिंबू, पेरू, आवळा यांतल्या क जीवनसत्त्वानं ते जास्त शोषलं जातं. मोड आल्यावर मटकीतलं लोह शरीराला घेणं सोपं जातं. ताटात लिंबाची फोड ठेवायची पद्धत मला शोभेची वाटायची.

चहाचा दुसरा हिशेब मीच मांडला, कारण हिशेब हे माझं कामच. दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम. साठ ग्रॅमच्या कॅलरी २४०, म्हणजे आपली एक चांगली मोठी भाकरी. भूक मारायला चहा घेत होते आणि त्यातूनच वजन चढत होतं.

गोळ्या घ्याव्या लागल्या, हे स्पष्ट सांगते. एवढं उतरलेलं हिमोग्लोबिन नुसत्या भाजीनं वर येत नाही, तपासून औषध घ्याच. पण गोळ्यांबरोबर घरात एक बदल केला. स्वयंपाक झाला की आधी दोन वाट्या घट्ट आमटी आणि उसळ बाजूला काढते, माझी आणि जाऊबाईंची. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरातल्यांच्या आधी स्वतःचं काढतेस?" मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आत्या, आम्हीपण घरातल्याच ना." त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याभरानं मला यायला उशीर झाला, तर वाट्या काढून झाकून ठेवलेल्या होत्या. तीन.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! आमच्या कारखान्यात शिलाईवर बसणाऱ्या बायका चार वाजता मान टाकतात, तेव्हा मला आता ऊन आठवत नाही, त्यांचा डबा आठवतो. जेवणानंतरचा चहा आम्ही तासभर पुढे ढकललाय, पाचजणी तरी पाळतात.

माझं आता ११.४ आहे. पुढच्या महिन्यात परत तपासायचं. जाऊबाईंनी आजवर एकदाही रक्त तपासलेलं नाही, त्यांना या वेळी बरोबर घेऊन जाणार आहे.