महिला पानांविषयीचा एक सोपा गैरसमज

अमेरिकी वृत्तपत्रांतील महिला पानांविषयी एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा: ही पाने म्हणजे पाककृती, लग्ने आणि फॅशन, ती चालवणाऱ्या स्त्रियांना ‘खऱ्या’ बातमीदारीत गती नव्हती, १९७०च्या सुमारास ती बंद झाली हा स्त्री पत्रकारांचा विजयच होता, आणि आज त्यांच्याविषयी शोधण्यासारखे काही उरलेले नाही.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. कुटुंब, खाणे, फॅशन आणि घरसजावट हे या पानांचे ठरलेले विषय होते, आणि मोठ्या दुकानांच्या जाहिराती त्यांवरच येत. परंतु ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’मध्ये व्हिव्हियन कॅसलबेरी यांनी याच पानांवर घरगुती हिंसा आणि मुलांवरील अत्याचार हे विषय आणले. १९६० मध्ये सुरू झालेले पेनी-मिझुरी पुरस्कार चांगल्या महिला पानांसाठीच होते आणि मारी अँडरसन यांच्या संपादनाखालील ‘मायामी हेरल्ड’ने ते वारंवार मिळवले. शिवाय खाण्याविषयी लिहिणे म्हणजे हलके काम, हे गृहीतही तपासायला हवे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील खाद्यपत्रकारितेचे श्रेय सर्रास क्रेग क्लेबॉर्न यांना दिले जाते, त्यांच्या आधी, १९४२ ते १९५७ या काळात, जेन निकर्सन तेच खाद्यसंपादकाचे पद सांभाळत होत्या.

‘गती नव्हती’ हे विधान मात्र सरळ चुकीचे आहे. डोरोथी जर्नी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘वॉशिंग्टन डेली न्यूज’मध्ये हंगामी सिटी एडिटरचे, म्हणजे शहराच्या बातम्यांच्या प्रमुखाचे, काम केले, नंतर त्यांना आपल्या जागी येणाऱ्या पुरुषाला काम शिकवायला सांगण्यात आले, कारण स्त्री असल्यामुळे त्या पदासाठी त्यांचा विचारच होणार नव्हता. मार्जरी पॅक्सन यांना युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत नोकरी मिळाली तीच पुरुष युद्धावरून परतल्यावर जागा सोडण्याच्या लेखी अटीवर. अशा स्त्रिया महिला पानांकडे वळल्या, कारण संपादक म्हणून निर्णय घेता येतील अशी जागा वृत्तपत्रात त्यांच्यासाठी जवळजवळ तेवढीच होती. त्याला आवडीनिवडीचा प्रश्न म्हणणे म्हणजे बंद दाराला दोष न देता बाहेर उभ्या असलेल्याला दोष देणे होय.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबावे लागेल. बायकांच्या बातम्या वेगळ्या कप्प्यात का, हा स्त्रीमुक्ती चळवळीचा आक्षेप योग्यच होता, आणि जानेवारी १९६९ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने महिला विभागाऐवजी ‘स्टाइल’ सुरू केल्यावर इतर दैनिकांनीही तसेच केले. पण विभागाचे नाव बदलताना त्याच्या संपादिकेचे काय झाले? पॅक्सन यांचे पद ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’मध्ये आणि काही वर्षांनी फिलाडेल्फियाच्या ‘बुलेटिन’मध्ये, असे दोनदा, महिला विभागासोबतच गेले. त्या पुढे गॅनेट समूहाच्या दैनिकांच्या प्रकाशक झाल्या, आणि १९७५ मध्ये मेक्सिको सिटीतील आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या परिषदेच्या वेळी निघणारे ‘शिलोनेन’ हे दैनिकही त्यांनीच संपादित केले. तरी असे दोनदा पद जाण्याला विजय म्हणता येत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या शार्लट कर्टिस महिला पानावरून १९७४ मध्ये ऑप-एड (बाहेरच्या लेखकांच्या मतलेखांच्या) पानाच्या संपादक झाल्या, हे खरे, पण त्या एका उदाहरणावरून सर्वांचा हिशेब मांडता येणार नाही.

राहिला नोंदींचा प्रश्न. वॉशिंग्टन प्रेस क्लब फाउंडेशनने जर्नी, पॅक्सन आणि कॅसलबेरी यांच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत, आणि पॅक्सन यांनीच १९८७ मध्ये दिलेल्या ५०,००० डॉलरमधून मिझुरी विद्यापीठात स्त्रिया व माध्यमे या विषयाचा संग्रह उभा राहिला. तेव्हा अडचण नोंदींच्या अभावाची नसून शोधण्याच्या पद्धतीची आहे. लग्नानंतर नाव बदलते, आणि खाद्यस्तंभ तर पुष्कळदा वृत्तपत्राच्या मालकीच्या टोपणनावाने निघत: हर्स्ट समूहाच्या वृत्तपत्रांतील ‘प्रुडन्स पेनी’ म्हणजे कोणी एक बाई नव्हती, आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ची ‘मेरी मीड’ म्हणजे अनेक वर्षे रूथ एलन चर्च. ज्याने डिजिटल अंकांत फक्त खरे नाव टाकून शोध घेतला, त्याला चर्च यांचे बरेचसे काम दिसणार नाही. त्याने आधी मेरी मीडला शोधावे.