त्या ‘टाइट पायलट’वाल्या क्लिपबद्दल

अडखळत बोलणारा पायलट आणि त्याला जमिनीवरून रेडिओवर सूचना देणारा कंट्रोलर यांची ती क्लिप परत ग्रुपवर फिरायला लागलीये, "पायलट फुल टाइट, आणि कंट्रोलर गप्पा मारत बसला" असं लिहून. अहो दारूचा संबंधच नाही. ते २००८ चं अमेरिकेतलं कालिटा ६६ नावाचं विमान, छोटं लिअरजेट, ३२ हजार फुटांवर केबिनचं प्रेशर गेलं आणि ऑक्सिजन कमी पडला की माणूस असाच बरळतो, वर त्याला स्वतःला वाटतं सगळं मस्त चाललंय. क्लीव्हलँडच्या कंट्रोलरकडे काय तोंड हुंगायची सोय असते का? दारू की ऑक्सिजन की शुगर, हे ठरवणं त्यांचं कामही नाही, आवाज बिघडलाय ना, मग इमर्जन्सी धरायची, वाक्यं छोटी ठेवायची, तीच सूचना परत परत द्यायची, ज्याला गप्पा म्हणताय त्या ह्याच. आधी २६ हजार, मग ११ हजारावर यायला सांगितलं आणि खाली येता येता त्याच पायलटचा आवाज चक्क सुधारत गेला, फॉरवर्डमध्ये नेमका तोच भाग कापलाय! विमान मिशिगनमध्ये नीट उतरलं. आणि समजा दारूचाच संशय असता, तरी आधी विमान सुखरूप खाली, ब्रेथ टेस्ट न् चौकशी नंतर.