टोमॅटोचा तुटवडा रानात सुरू होतो

टोमॅटोच्या दरवाढीवरच्या एका लेखात सगळा दोष साठेबाजीवर टाकलाय, ते पटत नाही. पिकलेला टोमॅटो उन्हाळ्यात चार-पाच दिवस धड टिकत नाही, मग साठा करायचा कसा? एप्रिल-मेमध्ये पारा ३५ अंशांच्या वर राहिला की फुलगळ होते. त्याआधी दर पडलेले असले तर लागणही, म्हणजे रोपांची लावणी, कमी झालेली असते. रोप लावल्यापासून पहिला तोडा (फळांची तोडणी) यायला ६० ते ७० दिवस, रोपवाटिकेचे २५-३० वेगळे. दर बघून आज लागण केली तरी माल तीन महिन्यांनी, तोही सगळ्यांचा एकदम. २०२३ च्या जुलैत किलोनं शंभरी ओलांडली आणि सप्टेंबरात माल रस्त्यावर ओतायची वेळ आली, ती याच चक्रामुळं.

कोल्हापुरातल्या खानावळवाल्यांनी मार्केट यार्डात नुसत्या क्रेटच्या भावावर जाऊ नये. रिकाम्या क्रेटचं वजन वजा करा, तळातला थर उलटून बघा. पावसाळ्यात देठाजवळ तडकलेलं फळ सकाळी बरं दिसतं, दुसऱ्या दिवशी पाणी सोडून शेजारची चार नासवतं. २० किलोतले ३ किलो गेले तर ४० चा भाव ४७ ला पडतो! आजच्या रश्श्याला लाल घ्या, पुढच्या तीन दिवसांसाठी नुकती लाली धरलेला. हा अर्धकच्चा माल फ्रीजमध्ये अजिबात नको. १२ अंशांखाली तो नीट रंगत नाही, चवही जाते. सावलीत, देठाची बाजू खाली करून एकाच थरात पसरा.